समजूत काढणं वेगळं, समजून घेणं वेगळं

प्रश्न विचारणाऱ्या बाई चाळिशी ओलांडलेल्या आहेत. वर्षभर झोप नीट लागत नाही, आवडीच्या कामातही मन रमत नाही, घरात लहानसहान कारणांवरून आवाज चढतो. रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्यात काही सापडलं नाही. आता त्यांनी समुपदेशन घ्यायचं ठरवलंय. ज्यांची वेळ घेतली आहे त्यांनी आपली पद्धत 'व्यक्तिकेंद्री आणि एकात्मिक' असल्याचं सांगितलं. त्यावर यांचे तीन प्रश्न आहेत. नुसतं ऐकून घेतल्यानं काय होणार? एकात्मिक म्हणजे दहा पद्धतींची सरमिसळ का? आणि तिथे बसल्यावर मला काही बोलताच आलं नाही तर?

मी याच पद्धतीनं, फक्त प्रौढांबरोबर, वीसहून जास्त वर्षं काम करते आहे. तिसरा प्रश्न वाचून मी थोडा वेळ थांबले, कारण तो जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतो आणि फार थोडे जण तो विचारतात. त्याचं उत्तर शेवटी देते, कारण पहिल्या दोन प्रश्नांतून गेल्याशिवाय ते नीट पटणार नाही.

आधी शब्दाबद्दल. 'समुपदेशन' या शब्दाच्या पोटातच 'उपदेश' आहे. त्यामुळे येणारा माणूस नकळत त्याच तयारीनं येतो: आता कुणीतरी चार गोष्टी सांगणार, आपण मान डोलवायची. पण माझ्या खोलीत येईपर्यंत त्या माणसाला बहुतेक सगळा उपदेश मिळून गेलेला असतो. फिरायला जा, मन गुंतव, इतका विचार करू नकोस, आपल्यापेक्षा वाईट अवस्थेत किती लोक आहेत बघ. यातला एकही सल्ला खोटा नसतो. तो फक्त उपयोगी पडलेला नसतो, आणि उपयोगी पडला नाही याची लाजही त्या माणसानं बरोबर आणलेली असते. त्यावर मी पाचवा सल्ला दिला तर ती लाज वाढवण्यापलीकडे काही होत नाही.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ही गोष्ट फार आधी ओळखली. ११ डिसेंबर १९४० रोजी मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी एक व्याख्यान दिलं आणि सल्ला देणं, पटवून देणं, समजावणं या तेव्हाच्या रूढ पद्धतींवर टीका केली. व्यक्तिकेंद्री, म्हणजे सल्ल्याऐवजी येणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या अनुभवाला मध्यभागी ठेवणाऱ्या विचाराचा जन्म ते स्वतः त्या दिवसापासून मोजत. त्यांचं दुसरं काम मला तितकंच मोलाचं वाटतं. त्यांनी सत्रं ध्वनिमुद्रित केली, आणि १९४२ च्या पुस्तकात एका व्यक्तीबरोबरच्या सगळ्या सत्रांचा शब्दशः मजकूर छापला. तोवर समुपदेशक खोलीत काय बोलतो हे त्याच्या आठवणीवरच अवलंबून होतं. आठवण आपल्या बाजूनं बोलते, टेप बोलत नाही. मी शिकत असताना स्वतःचं पहिलं ध्वनिमुद्रण ऐकलं, तेव्हा 'मी छान ऐकून घेतलं' असं वाटलेल्या त्या तासात मी समोरच्या बाईंना अकरा वेळा मध्येच तोडलं होतं. नुसतं ऐकणं सोपं आहे असं कुणी म्हटलं की मला तो तास आठवतो.

१९५७ साली रॉजर्स यांनी माणसात बदल घडण्यासाठी लागणाऱ्या सहा अटी मांडल्या. त्यांतल्या तीन समुपदेशकाच्या असण्याबद्दलच्या आहेत आणि त्याच पुढे जगभर शिकवल्या गेल्या: समानुभूती, विनाअट स्वीकार आणि सच्चेपणा. शब्द जड आहेत, पण मराठीत याचं सार सांगायला दोन साध्या क्रियापदांतला फरक पुरतो. समजूत काढणं आणि समजून घेणं. समजूत काढणाऱ्याला घाई असते. समोरच्याचं रडणं त्याला स्वतःलाच सोसत नाही, म्हणून ते थांबवायचं असतं. समजून घेणाऱ्याला कुठे पोचायचं नसतं. तो त्या माणसाच्या जागेवरून जग कसं दिसतं ते पाहत राहतो, आणि आपल्याला बरोबर दिसलं का ते विचारत राहतो.

स्वीकार म्हणजे सगळ्याला होकार नव्हे. कुणी 'मी बायकोवर हात उगारला' असं सांगितलं तर मी 'होतं असं' म्हणत नाही. त्या कृत्याला माझं समर्थन नाही, आणि घरात कुणाच्या जिवाला धोका आहे का हे मी तिथल्या तिथे विचारते. पण हे सांगताना ज्याचा आवाज कापतोय त्या माणसापासून मी मागे सरकत नाही. आणि सच्चेपणा म्हणजे आत एक, बाहेर एक असं न वागणं. माझं लक्ष क्षणभर हललं तर मी ऐकल्यासारखं करत नाही, 'मघाचं वाक्य माझ्याकडून सुटलं, पुन्हा सांगाल?' असं म्हणते.

आता यानं बदल कसा होतो ते एका प्रसंगातून दाखवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशीतले एक गृहस्थ वडील गेल्यानंतर सहा महिन्यांनी आले. तक्रार झोपेची. पहिल्या दोन सत्रांत त्यांच्या बोलण्यात 'मी' जवळजवळ नव्हताच. 'माणूस थकतो हो कधी कधी.' 'आपल्याला काय, करायचं असतं.' 'अशा वेळी कुणालाही त्रास होणारच.' सगळं 'माणसाला' होत होतं, त्यांना काहीच होत नव्हतं. तिसऱ्या सत्रात ते पुन्हा म्हणाले, 'माणूस थकतो शेवटी.' मी एवढंच म्हटलं, 'तुम्ही थकलात.'

ते समोरच्या भांड्यातल्या पाण्याकडे बघत राहिले. मिनीटभर तरी काही बोलले नाहीत. मग मान हलवली. 'नाही. थकलो नाही.' पुन्हा शांतता. 'सुटलो. ते गेले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.' चार वर्षं त्यांनी वडिलांचं अंथरुणातलं सगळं केलं होतं.

इथे माझं वाक्य चुकीचं होतं. तरीही ते उपयोगी पडलं, कारण ते त्यांना स्वतःच्या आतल्या गोष्टीशी ताडून बघता आलं आणि खोडून काढता आलं. 'नाही, तसं नाही, असं' या तीन पायऱ्यांत खरं काम होतं. यूजीन जेंडलिन हे शिकागोत रॉजर्स यांच्याबरोबर काम करणारे तत्त्वज्ञ. कुणाला समुपदेशनाचा फायदा होतो आणि कुणाला होत नाही, याचा शोध त्यांनी सहकाऱ्यांसह ध्वनिमुद्रणांतून घेतला. फरक समुपदेशकापेक्षा बोलणाऱ्याच्या बोलण्यात जास्त दिसत होता. ज्यांना फायदा झाला ते मध्येच अडखळत, थांबत, 'कसं सांगू, असं काहीतरी...' म्हणत शब्द शोधत. १९७८ साली जेंडलिन यांनी हे थांबणं सामान्य वाचकाला शिकवणारं पुस्तक लिहिलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, तिसऱ्या प्रश्नाला लागेल.

जाता जाता भाषेतली एक गंमतीची नाही, तर फार कामाची गोष्ट. मराठीत विचारालाही 'वाटतं' आणि भावनेलाही 'वाटतं'. 'मला वाटतं मी वाईट मुलगा आहे' हा विचार आहे, मनानं दिलेला निकाल आहे. 'मला भीती वाटते' ही भावना आहे. कित्येक जण तासभर 'वाटतं, वाटतं' म्हणत असतात आणि त्यात एकही भावना नसते. मी ते वेगळं करत बसत नाही, पण कान तिकडे असतो. कारण पुढे कोणतं साधन हाती घ्यायचं ते पुष्कळदा याच्यावर ठरतं.

म्हणजे दुसऱ्या प्रश्नाकडे आलो. रॉजर्स यांनी त्या अटी आवश्यक आणि पुरेशा आहेत असं म्हटलं होतं. आवश्यक हे मला पूर्ण मान्य आहे. पुरेशा हे नेहमीच मान्य नाही, आणि याचं कारण अनुभवातलं आहे. मंत्रचळ असलेला, म्हणजे हात पुन्हा पुन्हा धुणारा किंवा गॅस बंद आहे का हे वीस वेळा बघणारा माणूस घ्या. त्याची भीती मी कितीही मनापासून ऐकली आणि तो 'काही होणार नाही ना?' म्हणाला की 'नाही होणार' असा धीर दिला, तर त्याला तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि आजार आणखी घट्ट होतो. तिथे भीतीला थोडं थोडं सामोरं जाणं आणि ती कृती न करता थांबणं, हे पायरीपायरीनं शिकवावं लागतं. अचानक छातीत धडधडून 'आता मरतो' असं वाटणाऱ्यांचंही तसंच. जे टाळावं त्याची भीती वाढते, हे कुणाच्याही प्रेमळपणानं बदलत नाही.

मग एकात्मिक म्हणजे काय? दहा डब्यांतलं चिमूट चिमूट टाकणं नक्कीच नाही. १९९२ साली मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मेसर यांनी एका प्रकारच्या एकात्मतेचं वर्णन केलं, आणि ते माझ्या कामाच्या सगळ्यांत जवळचं आहे. एक पाया पक्का ठेवायचा आणि बाहेरून आणलेलं साधन त्या पायाच्या स्वभावात मुरवून घ्यायचं. माझा पाया व्यक्तिकेंद्री आहे. त्यावर मी मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात उभी केलेली, आज सीबीटी म्हणून ओळखली जाणारी विचार तपासण्याची पद्धत आणते. गेस्टाल्ट नावाच्या उपचारपरंपरेतलं रिकाम्या खुर्चीशी बोलणं, म्हणजे मनातली व्यक्ती समोरच्या खुर्चीत बसली आहे असं मानून तिच्याशी बोलणं, आणते. लहानपणीच्या जवळिकीचा आजच्या नात्यांवर पडणारा ठसा पाहते. पण ती साधनं मी लावत नाही, पुढे करते. 'अशा वेळी एक गोष्ट करून बघता येते, ती अशी असते, करून बघायची का?' असं विचारते, आणि 'नको' ऐकायला खरोखर तयार असते.

हे शहाणपण मला आपोआप आलेलं नाही. त्याच गृहस्थांना मी दुसऱ्या सत्राच्या शेवटी एक तक्ता दिला होता: रात्री जाग आली की मनात आलेला विचार, त्या वेळची भावना, विचाराच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा. झोपेची तक्रार, डोक्यात विचारचक्र, मला ते सरळ दिसलं. तिसऱ्या सत्राला ते तो तक्ता घेऊन आले. रकाने पट्टीनं आखलेले, अक्षर मोत्यासारखं, सातही दिवस भरलेले. आणि विचाराच्या रकान्यात सातही दिवस एकच शब्द: 'ऑफिस'. त्यांनी तो कागद टेबलावर माझ्या बाजूला वळवून ठेवला, जसा तपासायला द्यावा तसा. त्या क्षणी मला कळलं की मी परीक्षक झाले होते आणि ते चांगले विद्यार्थी. मी म्हटलं, 'हा कागद मी तुम्हाला घाईनं दिला. तुम्हाला नीट ऐकण्याआधीच दिला.' ते जरा चकित झाले, मग पाठ खुर्चीला टेकवली. 'माणूस थकतो शेवटी' हे त्यानंतरचं आहे. कागद बाजूला झाला नसता तर 'सुटलो' हा शब्द त्या खोलीत आला नसता असं माझं ठाम मत आहे.

आणि तरीही तोच तक्ता आठव्या सत्रात परत आला, या वेळी त्यांनी मागितला म्हणून. 'सुटल्यासारखं वाटलं म्हणजे मी वडिलांच्या मरणाची वाट बघत होतो' हा विचार त्यांना छळत होता आणि तो त्यांना पुराव्यानिशी तपासायचा होता. चार वर्षांच्या औषधांच्या वेळा, रात्रीची उठबस, हे सगळं त्यांनी विरुद्ध बाजूच्या रकान्यात लिहिलं, आणि लिहिता लिहिता रडले. साधन तेच, पण पहिल्यांदा ते माझं होतं, दुसऱ्यांदा त्यांचं. एकात्मिक कामात माझं सगळं कौशल्य या एका गोष्टीत लागतं: कोणतं साधन यापेक्षा ते कधी आणि कुणाच्या हातात.

एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली समुपदेशक आणि येणारी व्यक्ती यांच्यातल्या नात्याचे तीन धागे सांगितले: कुठे जायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधली आपुलकी. माझ्या त्या चुकीत आपुलकी होती, दुसरा धागा तुटला होता. २०१८ साली २९५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात हे नातं आणि उपचाराचं फलित यांच्यातला सहसंबंध सुमारे ०.२८ निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). हा आकडा डोळे दिपवणारा नाही, म्हणजे नात्यातच सगळं आहे असं कुणी म्हणू नये. पण वेगवेगळ्या पद्धतींत तो सातत्यानं दिसतो, आणि म्हणून तुमचं समुपदेशकाशी पटतं का हा चोचला नाही, उपचाराचा भाग आहे. न पटलेलं त्यांना बोलून दाखवा. चांगला समुपदेशक त्यानं दुखावत नाही. तो खुर्चीत पुढे सरकतो. एकदाच्या अवघडलेपणावरून सोडून देऊ नका, पण सांगूनही तेच घडत राहिलं तर दुसरीकडे जायला अजिबात संकोच करू नका.

तुमच्या तक्रारींबद्दल थोडं थेट. झोप, मन न रमणं, चिडचिड हे वर्षभर टिकलं असेल तर नैराश्य आहे का हे नीट तपासलं गेलं पाहिजे. त्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली बऱ्याच ठिकाणी वापरतात, तिचे गुण ० ते २७ असतात. गुण म्हणजे निदान नव्हे, पण दर काही आठवड्यांनी ती भरली तर आपण पुढे सरकतोय की जागीच आहोत ते दिसतं. तिच्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. समुपदेशकानं तो तुम्हाला सरळ विचारला तर घाबरू नका. विचारल्यानं असे विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. असे विचार येत असतील तर पुढच्या भेटीची वाट न बघता आजच जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा. या वयात पाळी बदलत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, झोप आणि चिडचिड यांचा तिच्याशी संबंध असू शकतो. मनोविकारतज्ज्ञांनी औषध सुचवलं तर ते समुपदेशनाच्या आड येत नाही. आणि झोपेपुरतं बोलायचं तर २०१६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून सीबीटीच, खास निद्रानाशासाठी बेतलेली, सुचवली आहे. उठण्याची वेळ रोज एकच ठेवणं, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसणं, असं ते रोखठोक काम असतं. तुमच्या समुपदेशकांना ते येतं का, हे पहिल्याच भेटीत विचारा. सत्र किती वेळाचं (साधारण ५० मिनिटं असतं), गुप्तता कुठवर आणि तिला अपवाद कोणते, आढावा कधी घ्यायचा, हेही विचारा. ही माहिती त्यांनी आपणहून द्यायला हवी.

आता तिसरा प्रश्न. बोलताच आलं नाही तर?

तर तेच सांगा. 'काय बोलू ते कळत नाही' हे पहिलं वाक्य म्हणून अगदी पुरेसं आहे. तुम्ही घरून मुद्दे काढून आणलेत तरी चालेल, नाही आणलेत तरी चालेल, आणि आणलेला कागद पर्समधून काढलाच नाही तरी चालेल. रडू आलं तर कुणी घाईनं तुमची समजूत काढणार नाही. शांतता झाली तर ती भरायची जबाबदारी तुमच्यावर नाही. फार लांबली तर मी विचारते, 'ही शांतता निवांत आहे की अवघडलेली?' आणि 'अवघडलेली' असं उत्तर आलं की दोघींनाही पुढचा धागा मिळतो.

जेंडलिन यांना ध्वनिमुद्रणांत ऐकू आलं होतं ते हेच. 'कसं सांगू' असं म्हणून तुम्ही थांबाल, एक शब्द उचलाल, तो बरोबर नाही म्हणून ठेवून द्याल, दुसरा शोधाल. तुम्हाला तेव्हा वाटेल की आपल्याला बोलता येत नाहीये. समोर बसलेल्या माणसाला कळेल की काम सुरू झालंय. ते गृहस्थ पाण्याकडे बघत होते त्या मिनिटभरात मला काहीही बोलायची गरज नव्हती. मी फक्त घड्याळाकडे पाहिलं नाही.